पंगत आणि दानपेटी

ख्रिस्ती लग्नात एक अध्याय हमखास वाचला जातो: पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला तेरावा, प्रीतीचा. लग्नपत्रिकेवर त्यातले एखादे वाक्य छापलेले असते, वाचणाऱ्याच्या आवाजाला आपोआप ओलावा येतो आणि नवरा-नवरी मान खाली घालून ऐकतात. त्यात गैर काही नाही. पण पौलाच्या डोळ्यांपुढे हे जोडपे नव्हते. इ. स. ५४-५५च्या सुमारास इफिसात बसून तो एका भांडखोर मंडळीला पत्र लिहीत होता. क्लोए नावाच्या बाईकडच्या माणसांनी बातमी आणली होती की करिंथात तट पडले आहेत. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवतो, कोणी अपुल्लोचा, कोणी केफाचा. भाऊ भावाला न्यायालयात खेचत होता. प्रभुभोजनाला जमल्यावर एक उपाशी राहत होता आणि दुसरा पिऊन झिंगत होता. बाराव्या अध्यायात कोणाचे कृपादान थोर याचा वाद आहे, चौदाव्यात उपासनेत सगळेच एकदम बोलू लागल्याने झालेला गोंधळ आहे, आणि या दोन वादांच्या मधोमध तेरावा बसला आहे. प्रीती काय करत नाही याची जी यादी त्यात येते, ती बरीचशी याच मंडळीने केलेल्या गोष्टींची यादी आहे. आजूबाजूची भांडणे कापून टाकली की त्या अध्यायाचे सुभाषित होते, आणि सुभाषिताला कोणी घाबरत नाही.

त्या पत्राच्या आधाराने मंडळीतल्या प्रीतीचा आणि सहभागितेचा विचार करणारे हे पुस्तक अभ्यासगटांसाठी, पाळकांसाठी आणि घरी एकट्याने वाचणाऱ्यांसाठी आहे. प्रकरणवार विवेचन पुढे येईलच. प्रस्तावनेत त्यामागची भूमिका तेवढी मांडायची आहे, कारण ती पटली नाही तर पुढचे बरेचसे लेखन वाचकाला उगाच व्यवहारी वाटेल. भूमिका अशी: मंडळीतली प्रीती टिकते ती व्यवस्थेमुळे. कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून जेवतो आणि जमलेला पैसा कोणाच्या हातून कोणाकडे जातो, या दोन प्रश्नांची उत्तरे ठरलेली, उघड आणि नेमाने पाळलेली असली म्हणजे प्रीतीला राहायला जागा मिळते. ती ठरलेली नसली तर भावना कितीही खरी असो, ती ओळखीच्या, आपल्या बरोबरीच्या, आपल्यासारख्या माणसांपाशी जाऊन थांबते. माणसाच्या मनाची ती जुनी सवय आहे आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती एका दिवसात जात नाही.

करिंथच्या जेवणाकडेच आधी पाहू. रोमनांनी इ. स. पूर्व १४६ मध्ये हे शहर बेचिराख केले आणि इ. स. पूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवले. वसायला आले त्यांत गुलामगिरीतून सुटलेली माणसे पुष्कळ होती. दोन बाजूंना दोन बंदरे, मध्ये बाजारपेठ. नव्या पैशाचे, आणि म्हणूनच प्रतिष्ठेला फार जपणारे गाव. मंडळीला स्वतःची इमारत नव्हती. गायससारख्या ऐपतदार माणसाच्या घरी सगळे जमत. अशा घराच्या भोजनगृहात तीन बाजूंना तीन बैठका असत आणि त्यांवर रेलून साधारण नऊ माणसे जेवू शकत. बाकीच्यांची सोय अंगणात. यजमानाचे मित्र आत बसणार, आणि लवकर येणार, कारण त्यांना सवड होती. बंदरावरचा हमाल आणि कोणाच्या तरी घरची दासी काम उरकून उशिरा येणार. रोमन साम्राज्यात रविवारची सुट्टी आली तीच मुळी ३२१ साली, कॉन्स्टंटाइनच्या हुकुमाने. शिवाय पाहुण्याच्या दर्जाप्रमाणे ताटात आणि पेल्यात फरक करण्याची चाल होती. धाकट्या प्लिनीच्या एका पत्रात अशा यजमानाचे वर्णन आहे: स्वतःला आणि मोजक्या सोबत्यांना उंची पदार्थ, इतरांना हलके आणि थोडे, मद्याच्या तर तीन प्रती, एक आपल्यासाठी, दुसरी खालच्या दर्जाच्या मित्रांसाठी, तिसरी मुक्त केलेल्या गुलामांसाठी. प्लिनीला हा प्रकार आवडला नव्हता. करिंथच्या यजमानाने मात्र कोणाचा मुद्दाम अपमान केला असेल असे वाटत नाही. गावात चार प्रतिष्ठित माणसे वागतात तसा तोही वागला असणार. पौल चिडला आहे तो यावरच. गावची रीत जशीच्या तशी आत आली आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांना खाली पाहावे लागले, म्हणून तो या जेवणाला प्रभूचे भोजन म्हणायलाच तयार नाही. आणि उपाय काय सांगतो? एकमेकांसाठी थांबा, भूक अनावर असेल तर घरून खाऊन या. तेराव्या अध्यायाची उंची गाठणारी लेखणी अकराव्यात एखाद्या वाढप्याने द्याव्यात तशा सूचना देते. आधी पंगतीची शिस्त, मग प्रीतीचे स्तोत्र: हा क्रम योगायोगाचा नसावा.

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीकडे वळले तरी हेच दिसते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातले दुसरा आणि चौथा हे अध्याय आपल्याकडे आवडीने वाचले जातात, कारण त्यांत सगळे एकदिलाने राहतात, जमिनी विकून पैसा प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवतात. सहावा अध्याय आपण घाईने ओलांडतो. त्यात तक्रार आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या. त्या मुद्दाम वगळल्या जात होत्या असे लेखक म्हणत नाही. ज्यांच्या ओळखी होत्या त्यांना मिळत असावे, एवढेच. प्रेषितांनी यावर बंधुप्रीतीचे प्रवचन दिले असते तर त्या विधवा पुढच्या आठवड्यातही उपाशी राहिल्या असत्या. त्यांनी सात माणसे निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव: सातांची सातही नावे ग्रीक आहेत. ज्या बाजूची तक्रार होती तिच्याच हाती बहुधा वाटपाच्या किल्ल्या गेल्या. याहून धाडसी निर्णय आजच्या एखाद्या पंचमंडळीने घेतल्याचे क्वचितच ऐकू येते. पंगतीबाबतही तेच: अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे आणि याकोबाकडची माणसे आल्यावर तो मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला चारचौघांत सुनावले. पेत्राचे धर्ममत बदललेले नव्हते. त्याने फक्त जेवायची जागा बदलली होती. पौलाला तेवढ्यात सुवार्तेचा भंग दिसला.

पैशाच्या बाबतीत पौल तर हिशेबनिसासारखा काटेकोर आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी मासेदोनिया आणि अखया या प्रांतांतल्या मंडळ्यांकडून त्याने मोठी वर्गणी गोळा केली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावे, मी आल्यावर ऐन वेळी गोळा करायला लावू नये, अशी त्याची सूचना होती. रक्कम नेण्यासाठी मंडळ्यांनी स्वतः निवडलेली माणसे सोबत घेतली, आणि का घेतली तेही लिहून ठेवले: एवढ्या मोठ्या देणगीबाबत कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. देवापुढे आपण निर्मळ आहोत एवढे त्याला पुरेसे वाटले नाही. माणसांपुढेही निर्मळ दिसायला हवे होते. तो पैसा घेऊन तो यरुशलेमला गेला आणि तिथेच पकडला गेला. ग्रीक मुलखातल्या माणसांनी आपल्याहून वेगळे खाणाऱ्या, आपल्याकडे संशयाने पाहणाऱ्या यहुदी ख्रिस्तजनांसाठी पै-पै साठवावी, यापेक्षा सहभागितेचा ठसठशीत पुरावा त्या पिढीने मागे ठेवलेला नाही.

पुढच्या शतकांतले आतले आणि बाहेरचे साक्षीदारही बोलतात ते जेवणाविषयी आणि पेटीविषयी. तोच प्लिनी ११२ सालाच्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार असताना सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला उद्देशून स्तोत्र म्हणतात, चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात आणि पुन्हा एकत्र येऊन साधे, निरुपद्रवी अन्न खातात. ही माहिती खरी की खोटी हे पाहण्यासाठी त्याने मंडळीत सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ केला. दासी मंडळीची पदाधिकारी असू शकते, हे त्या पत्रात जाता जाता आलेले आहे आणि प्लिनीला त्याचे महत्त्व कळलेले दिसत नाही. सुमारे १५५ साली ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितो की रविवारी जमलेले दान अध्यक्षापाशी ठेवले जाते आणि अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांच्यावर खर्च होते. जे येऊ शकले नाहीत त्यांना डीकन भाकरीचा वाटा घरी नेऊन देतात. तर्तुलियन १९७च्या सुमाराचा. तो कार्थेजच्या मंडळीची मासिक, ऐच्छिक वर्गणी आणि तिचा विनियोग सांगतो: गरिबांचे दफन, पोरकी मुले, थकलेले गुलाम, जहाज फुटलेले, खाणीत सक्तमजुरीला पाठवलेले. २५१ साली रोमचा बिशप कर्नेलियस आपल्या मंडळीत दीड हजारांहून जास्त विधवा आणि गरजू पोसले जातात असे नोंदवतो. आणि ३६२ साली ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक सम्राट जूलियन आपल्या गलतियातल्या पुरोहिताला चिडून लिहितो की हे गालीली लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपलेही गरीब पोसतात आणि आपण हात बांधून बसलो आहोत. शत्रूने दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून त्याची किंमत मोठी. त्याने केलेला उपाय आणखी बोलका आहे: त्याने मंदिरांतर्फे धर्मशाळा आणि धान्यवाटप सुरू करायला सांगितले. ख्रिस्ती लोकांची खरी ताकद कशात आहे हे त्याने बरोबर हेरले होते.

यावर पहिला आक्षेप भाविक मनाचा असतो, आणि तो हलका नाही. प्रीती ही पवित्र आत्म्याचे फळ. तिला नियमांत आणि रकान्यांत बसवले तर ती प्रीती राहील का? ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसाला दिलेले पाकीट आणि सरकारी अनुदान यांत फरक काय? आक्षेपात तथ्य आहे इतपत की व्यवस्था असूनही प्रीती नसणे शक्य आहे. पौलच सांगतो की सर्वस्व वाटून टाकले आणि प्रीती नसली तर उपयोग नाही. पण याच्या उलट, व्यवस्था नसताना प्रीती टिकल्याचे उदाहरण दाखवणे कठीण आहे, निदान जिथे माणसे दर्जाने आणि भाषेने भिन्न आहेत तिथे तरी. उत्स्फूर्त प्रीतीत एक अडचण नेहमीची आहे: ती देणाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि घेणाऱ्याला हात पसरावा लागतो. ठरलेल्या वाटपात विधवेला कोणाचे उपकार मानत बसावे लागत नाही. तिचे नाव यादीत आहे, बस. ज्याला आपण रुक्ष म्हणतो ती यादी तिच्या मानाची राखण करते. आणि जो मनापासून देतो त्याला यादीची अडचण कधी झालेली नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. हे सगळे आपसातले प्रेम आहे. आपल्या लोकांची सोय करणारी मंडळे तर प्रत्येक जातीची आहेत, त्यात ख्रिस्ती काय? योहानाच्या लेखनात बंधूंवरच्या प्रीतीवर जेवढा भर आहे तेवढा शेजाऱ्यावरच्या प्रीतीवर नाही, ही गोष्ट कोणत्याही प्रामाणिक वाचकाला मान्य करावी लागेल. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की मंडळीतले ‘आपले लोक’ हे जन्माने आपले नसतात. करिंथात बंदरावरचा हमाल आणि नगराचा खजिनदार एरास्त हे भाऊ झाले ते रक्ताने झाले नव्हते. जातीचे मंडळ माणसाला जिथे तो आधीच आहे तिथे सांभाळते. मंडळी त्याला जिथे तो कधी गेला नसता तिथे नेऊन बसवते, किंवा तिने तसे करावे अशी तिच्याकडून अपेक्षा असते. दुसरी अशी की जूलियनची चिडचिड पेटीतला पैसा भिंतीबाहेर गेल्याबद्दल होती. आपसात नीट वाटायला शिकलेल्या मंडळ्याच बाहेर वाटू शकल्या. तिसऱ्या शतकाच्या मध्यात अलेक्झांड्रियात साथ आली तेव्हाची हकिकत तिथला बिशप दिओनिसियस सांगतो. आजाऱ्यांची सेवा करताना ख्रिस्तजन मेले, त्यात वडील आणि डीकन होते. ती माणसे साथीच्या दिवशी एकाएकी तयार झाली नव्हती. भाकरीचा वाटा घेऊन आजाऱ्याच्या दारात जाण्याची त्यांना वर्षानुवर्षांची सवय होती.

आता महाराष्ट्राकडे येऊ, कारण पंगत म्हणजे काय हे मराठी माणसाला करिंथच्या माणसापेक्षा जास्त कळते. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सोबत्यांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा म्हणून सभासद एकत्र जेवत, ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात. पण सगळे बंद दाराआड. १८६०च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. त्या माणसांचे विचार खोटे नव्हते, धैर्यही अगदीच कमी नव्हते. पण गुप्त पंगतीला गावात उभे राहता येत नाही. त्याच सभेत वावरलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेऊन उघड पंगतीत जाऊन बसले आणि त्याची किंमत घरादाराने मोजली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगरला जे काम केले त्यातही प्रभुभोजनाच्या मेजाशी जात पाहायची नाही ही अट होती. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे, फक्त त्यातला क्रम आपण नीट पाहत नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्यापाशी राहायला आल्या तरी सोवळे, वेगळा स्वयंपाक, वेगळे पाणी सुटले नव्हते. ‘स्मृतिचित्रे’त त्या हे सारे स्वतःची थट्टा करत सांगतात. मग जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला, हे त्यांना पटले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. त्या आधी पंगतीत आल्या, मग मंडळीत. सहभोजने पुढे इतरांनीही केली, रत्नागिरीत १९३०च्या दशकात झालेली तर गाजली. एखाद्या दिवसाच्या सहभोजनाचे धैर्य कमी लेखू नये. पण मंडळीचे मेज दर महिन्याला मांडले जाते, आणि त्याला जोडून एक पेटी फिरते. कस लागतो तो या सातत्यात.

इथे तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि मला तो सर्वांत जड वाटतो: एवढे सगळे असूनही चर्चमध्ये जात राहिलीच ना? राहिली. मराठ्यांच्या तंजावरात आणि मद्रासजवळच्या वेपेरीत आधीच्या मिशनऱ्यांनी वरच्या जातीच्या वेल्लाळांना आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या परैयरांना वेगळे बसू दिले होते. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी मंडळीतला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा बंद करायला फर्मावले, तेव्हा वरच्या जातीचे पुष्कळ लोक बाहेर पडले. शंभर वर्षे प्रीतीची प्रवचने ऐकलेली माणसे होती ती. गोव्यात कित्येक चर्चमधल्या कॉन्फ्रारिया, म्हणजे धर्मबंधूंची मंडळे, जातवार राहिल्या आणि मिरवणुकीत कोणी कोणत्या रंगाचा झगा घालायचा यावरून वाद झाले. महाराष्ट्रात महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एकाच बाकावर बसले, तरी सोयरिकीची वेळ आली की कुळाची चौकशी सुरू होते. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या व्याख्यानातून दलित ईश्वरविज्ञानाची सुरुवात मानली जाते, ती काही उगाच नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच आहेत. त्या मागणीसाठी आपण सरकारपुढे सांगतो की धर्मांतराने जात गेली नाही, आणि ते खरे आहे. रविवारी व्यासपीठावरून मात्र आपण सांगतो की ख्रिस्तात जात उरली नाही. ही दोन्ही वाक्ये बोलणाऱ्याने निदान एकदा ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

पण हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो असे मला वाटत नाही. जिथे जात टिकली ती जागा कोणती, हे पाहिले पाहिजे. मेज आणि बाक यांची व्यवस्था ठरवली गेली, तिथे ती बरीचशी हटली. लग्न, मिरवणूक, दफनभूमी, मंडळीची निवडणूक यांबाबत काही ठरवलेच नाही, ‘प्रीतीने होईल’ म्हणून सोडून दिले, तिथे ती घट्ट बसून राहिली. बिशप विल्सन यांच्या आज्ञेला उशीर झाला होता, हा तिचा दोष. ती आज्ञा होती हा दोष नव्हे.

पेटीचा इतिहासही सरळ नाही. १८९९-१९००च्या दुष्काळाच्या आगेमागे जे लोक मंडळीत आले त्यांना धान्यासाठी आलेले म्हणून हिणवले गेले. त्या टोमण्याला कारण होते ते पैशाच्या दिशेत. पाळकाचा पगार परदेशातून येई, शाळा आणि दवाखाना मिशनचे, बंगला मिशनचा. मंडळीला द्यायला काहीच नव्हते, फक्त घ्यायचे होते. करिंथातल्या दासीकडूनही आठवड्याला काही बाजूला काढण्याची अपेक्षा होती. आपल्याकडच्या पहिल्या पिढ्यांकडून पुष्कळदा तीही नव्हती, आणि दया म्हणून ते सोडून दिले गेले. घेणाराच राहिलेला माणूस भाऊ होत नाही. टिळकांना हे सलत होते. १९१७ मध्ये मिशनच्या चाकोरीतून बाहेर पडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा. दोन वर्षांत त्यांचा मृत्यू झाला आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. एका प्रतिभावंताच्या मनावर उभी केलेली गोष्ट त्याच्याबरोबर जाते, हेही त्यातून दिसतेच. याच सुमारास, १९१८ मध्ये, वसईत मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था निघाली. तिच्यात काव्य नव्हते. सावकाराकडे न जाता शेजाऱ्याने ठेवलेल्या ठेवीतून शेजाऱ्याला कर्ज, हप्ते, जामीन, ताळेबंद. बॅसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून ती वाढली आणि शंभरी ओलांडून चालू आहे. तिला कोणी बंधुप्रीतीचा ग्रंथ म्हणणार नाही, पण मी तिला या विषयावरच्या मराठी मुलखातल्या चांगल्या टीकाग्रंथांत धरतो.

व्यवस्था आपोआप पवित्र असते असे मात्र कोणी समजू नये. आपल्या मंडळ्यांतला हंगामाचा सण पाहा. लोक ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, कोंबडी, लोणच्याची बरणी घेऊन येतात, वेदीपुढे ठेवतात, आशीर्वाद होतो आणि मग लिलाव. सणाची कल्पना सुंदर आहे: ज्याच्याजवळ पैसा नाही त्यानेही पिकातले आणावे आणि त्याच्या वस्तूला मंडळीने मोल द्यावे. होते काय? एका लिंबाची बोली चढत चढत हजाराला पोहोचते, टाळ्या पडतात, माईकवरून बोली जिंकणाऱ्याचे नाव दोनदा घेतले जाते. लिंबू आणणाऱ्या बाईचे नाव कोणी विचारत नाही. पेटी भरते, हिशेब चोख राहतो, आणि करिंथच्या भोजनगृहात आत कोण आणि अंगणात कोण हे जसे ठरे तसे इथे आवाजावरून ठरते. उपाय अवघड नाही: लिलाव पुकारताना आधी आणणाऱ्याचे नाव घ्यावे. पण तो उपाय सुचण्यासाठी आधी पंगत नीट पाहायची सवय लागते. हेच मोठ्या प्रमाणावर मिळकतींच्या बाबतीत घडले आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी स्थापन झाली. ऐक्य झाले, उपासनापद्धती जुळल्या, पण मिशनच्या जमिनी आणि बंगले कोणाच्या ताब्यात यावरून ख्रिस्तजन एकमेकांना न्यायालयात खेचतच राहिले. पौलाच्या पत्रातला सहावा अध्याय आपल्याला अजून पुरता लागू आहे. मंडळ्या फुटतात त्या सिद्धांतावरून फुटल्याचे सांगितले जाते; बहुतेक वेळा त्या हिशेबाच्या वहीवरून फुटलेल्या असतात.

पुढच्या प्रकरणांत म्हणूनच प्रीतीची व्याख्या शोधत बसलेलो नाही. पत्रातला प्रत्येक वाद घेऊन तो कोणत्या जेवणावरून, कोणत्या पैशावरून, कोणत्या मानापमानावरून झाला ते पाहिले आहे आणि शेवटी आपल्या मंडळीसाठी प्रश्न दिले आहेत. तेरावा अध्याय मुद्दाम आठव्या धड्यात ठेवला आहे. अभ्यासगटांनी तो आधी घेण्याचा मोह टाळावा. पहिल्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने दोन कागद सोबत आणावेत: मंडळीचे गेल्या वर्षीचे जमाखर्चाचे पत्रक, आणि गेल्या तीन महिन्यांत जे उपासनेला आले नाहीत त्यांची नावे. पहिला कागद मिळाला नाही, तर तो मागणे हाच पहिला धडा समजावा.